सोनाबाईच्या फरशीतला फॉस्फरस

शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणारे पाहुणे दरवर्षी विचारत, की पनवेलने आजवर जगाला काय दिलं? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढे बोलू लागत. थांबले असते तर मी सांगितलं असतं: तांदूळ, मीठ, सुकी मासळी आणि कमळाकर टिपणीस. पैकी पहिल्या तीन गोष्टींना बाजारात गिऱ्हाईक होतं. चौथी आमच्या हायस्कुलात सायन्स शिकवायची आणि मास्तरांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. मी भूगोल शिकवत असे. भूगोलाच्या मास्तराला खडकांतलं कळतं असा टिपणिसांचा समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही, कारण त्यासाठी त्यांच्याशी आणखी बोलावं लागलं असतं.

माणूस उंच, किडकिडीत, आणि बारा महिने एकाच काळ्या कोटात. इतर मास्तरांच्या वरच्या खिशाला पेन असे; यांच्या खिशातून कानशीचा दांडा डोकावत असे. खालच्या खिशात छोटी हातोडी. असा माणूस रस्त्याने येताना दिसला की लोक आपापल्या उंबऱ्याकडे बघत, आणि बायका न्हाणीचं दार ओढून घेत. त्याचं कारण सांगायचं तर आधी एका परीक्षेची गोष्ट सांगावी लागेल.

चौतीस साली टिपणीस मुंबईला बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बसले. तिथे प्रत्येकाला एका पुडीत कसलीशी पांढरी पूड देतात आणि हिच्यात काय आहे ते ओळखा म्हणतात. टिपणिसांच्या पुडीत फॉस्फेट होतं. ते ओळखायची रीत अगदी सरळ. पूड ॲसिडात विरघळवायची, त्यात अमोनियम मॉलिब्डेट नावाचं औषध घालायचं आणि नळी दिव्यावर ऊन करायची. फॉस्फरस असला तर नळीत पिवळाधमक साका बसतो. टिपणिसांनी सगळं नीट केलं, फक्त नळी पुरेशी ऊन केली नाही. साका बसला नाही. त्यांनी पेपरात लिहिलं, ‘फॉस्फेट नाही.’ मग निकालाच्या दिवशी पास झालेल्यांत टिपणीस नव्हते. पुन्हा बसायचा त्यांना धीर झाला नाही, आणि अशा रीतीने पनवेलच्या मुलांना सायन्सचा मास्तर मिळाला.

माणसं असल्या गोष्टी विसरतात, निदान लग्न झाल्यावर तरी विसरतात. टिपणिसांनी लग्नानंतर वेणूबाईंना पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर ही नळीची हकिकत. वेणूबाईंनी ती त्यानंतर किती वेळा ऐकली असेल ते त्याच जाणोत. वर्गातही त्यांचं एकच सांगणं असे, नळी ऊन करा. पोरं इमानाने ऊन करीत, नळ्या तडकत, आणि हेडमास्तर नवीन नळ्या मागवताना टिपणिसांच्या नावाने कपाळाला हात लावत. मला मात्र त्या वेळी त्यांच्याबद्दल कणव वगैरे काही वाटत नसे. मधल्या सुट्टीत सुखाने चहा पिऊ न देणाऱ्या माणसाबद्दल कणव वाटायला मोठं मन लागतं.

मग स्वातंत्र्य आलं, आणि त्यापाठोपाठ वर्तमानपत्रांत खताच्या बातम्या आल्या. शेतांना फॉस्फरस हवा, तो असलेला दगड परदेशातून आणावा लागतो, आपल्या देशात असा दगड सापडला तर फार बरं होईल, अशा अर्थाचं काहीतरी छापून येई. आम्ही ते वाचून पान उलटत असू. टिपणिसांनी पान उलटलं नाही. त्यांनी विचार केला, की फॉस्फरस समुद्राच्या तळाशी साचतो. शहाबादी फरशी म्हणजे कोण्या जुन्या काळच्या समुद्राचा तळच, चुन्याचा गाळ साचून साचून दगड झालेला. आणि गावात फरशी कुठे नाही? उंबऱ्याला आहे, ओट्याला आहे, न्हाणीला आहे. आता दगडात फॉस्फरस सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका थरात जेमतेम तर दुसऱ्यात भरपूर, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे तो भरपूर असलेला थर कोणाच्या तरी न्हाणीत पडलेला असू शकतो, आणि नाहीतरी शहाबादला जायला त्यांना रजा कोण देणार होतं? देशाच्या शेतीची त्यांना काळजी होती हे मी नाकारत नाही. पण शेतीच्या आधी त्यांना मुंबईच्या त्या परीक्षकाची काळजी होती. तो एव्हाना देवाघरी गेला असेल हे मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कपबशी उचलून दुसरीकडे जाऊन बसलो.

मग गावभर ठोकाठोक सुरू झाली. कोणाच्या ओट्याची कड आधीच फुटलेली असे, तिथून ते कपची काढत. फुटलेली नसली तर फुटे. न्हाणीतल्या फरशीसाठी ते आधी निरोप पाठवून वेळ ठरवत, हा त्यांचा सभ्यपणा. घरच्या न्हाणीची एक फरशी त्यांनी पहिल्याच आठवड्यात वाटेला लावली होती. वेणूबाई पुढे कितीतरी वर्षं त्या खड्ड्यावर पाट ठेवून अंघोळ करीत. आणलेली प्रत्येक कपची कुटून, विरघळवून, औषध घालून, दिव्यावर धरून पाहिली जाई, आणि नळीत पिवळ्या रंगाची नुसती झाक दिसे, असली तर. सगळ्या गावाच्या उंबऱ्यांत मिळून एक वाफा वांगी पोसतील एवढाही फॉस्फरस नव्हता. दुसरा कोणी असता तर दमला असता. टिपणीस म्हणत, थर सापडायला वेळ लागतो.

आता सोनाबाईचं सांगतो. खाडीच्या बाजूला कोळीवाड्यात तिचं घर. इतर बायका मासळी वाळवत त्या वाळूवर, नाहीतर सारवलेल्या खळ्यात. सोनाबाईच्या अंगणात मात्र शहाबादी फरशी होती. एक भाताची गिरणी बंद पडली तेव्हा तिची जमीन उखडून निघाली, त्यातल्या फरश्या तिच्या सासऱ्याने डोक्यावरून वाहून आणल्या आणि अंगणभर बसवल्या. त्यामुळे सोनाबाईचा जवळा दाताखाली खरखरत नसे, आणि तिचे सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, तर विचारू नका. कायस्थाच्या घरात सोड्यांवाचून पान हलत नाही, आणि टिपणीस तर पक्के कायस्थ. रविवारी सकाळी पिशवी घेऊन ते तिच्याकडे जात. वर्षानुवर्षं गेले, पण पायाखाली काय आहे ते त्यांना कधी दिसलं नाही, कारण पायाखालचं कायम माशांनी झाकलेलं असे. एकदा ऊन लवकर चढलं आणि तिने जवळा लवकर गोळा केला, त्या दिवशी त्यांना ती फरशी दिसली.

त्यांनी लगेच हातोडी काढली. सोनाबाईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. फरशीला तडा गेला तर फटीत मासळीचं पाणी मुरतं, किडे होतात, सगळा माल जातो, आणि सासऱ्याने डोक्यावरून आणलेला दगड सोड्यांच्या गिऱ्हाइकाने फोडायचा नसतो, असं तिने त्यांना चार शब्दांत समजावलं. टिपणिसांना ते पटलं. खरं तर गावात त्यांनी कोणाचं मन राखलं असेल तर हिचंच. सोडे कोण देणार मग? त्यांनी हातोडी खिशात टाकली, कानस काढली, आणि उकिडवं बसून फरशीचा वरचा पापुद्रा हलक्या हाताने खरवडून पूड एका डबीत घेतली. तडा नाही, कपची नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझा हात धरून मला सायन्सच्या खोलीत नेलं. नळीत पिवळा साका बसला होता. झाक नव्हे, साका, बोटभर. टिपणिसांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी सवयीने काहीतरी वाकडं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यांनी सरकारच्या खात्याला कळवलं. खात्याला घाई नव्हती, गावाला होती. पनवेलच्या दगडात खत सापडलं ही बातमी दोन दिवसांत पार नेरे गावापर्यंत पोचली, आणि दगड शहाबादचा आहे ही बातमी पनवेलच्या वेशीपर्यंतसुद्धा गेली नाही. कोणी म्हणे कारखाना येणार, कोणी म्हणे आगगाडी याचसाठी आणतायत. ज्यांच्या न्हाण्या फोडून काही निघालं नव्हतं ते आता पुन्हा एकदा बघा म्हणून टिपणिसांना चहाला बोलावू लागले. नळ्यांच्या नावाने कपाळाला हात लावणारे हेडमास्तर पालकांना सांगू लागले, की टिपणिसांना आपण पहिल्यापासून उत्तेजन देत आलो. टिपणीस नवा कोट शिवायला टाकावा की काय असा विचार करू लागले. वेणूबाईंनी आधी न्हाणीची फरशी टाका म्हणून सांगितलं.

खात्याचे साहेब आले ते भर उन्हाळ्यात, पुण्याहून. गोरे, टापटीप, आणि त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी मासा शिजताना पाहिलेला नसावा. कोळीवाड्याच्या वळणावर जीप थांबली तशी त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला तो पुन्हा खाली घेतला नाही. त्या दिवसांत पावसाळ्याची बेगमी म्हणून मासळी जोरात वाळत असते. सोनाबाईने साहेब येणार म्हणून अंगण मोकळं करून, घासून ठेवलं होतं. म्हणजे त्या दिवसाचा तिचा माल टोपल्यांत पडून होता.

साहेबांनी रुमालाआडून सांगितलं, की वरची पूड चालणार नाही, एक फरशी उचलून मधोमध फोडा आणि आतला दगड काढा. आतल्या दगडात फॉस्फरस निघाला तर या सगळ्या फरश्या काढून न्याव्या लागतील, त्यांवरून कोणत्या खाणीचा कोणता थर ते शोधता येईल. शिवा गवंडी पहार घेऊन पुढे झाला. टिपणीस सोनाबाईकडे बघेनात.

“मास्तर,” ती म्हणाली, “निगालं तं सगल्या नेनार?”

“नेतील,” टिपणीस म्हणाले. “परत आणून देतील बहुतेक.”

‘बहुतेक’ या शब्दाची किंमत सोनाबाईला चांगली ठाऊक होती. सरकारने नेलेली वस्तू परत आल्याचं कोळीवाड्यात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पण ती आडवी आली नाही. मास्तरांचं काम आहे एवढंच शेजारणीला म्हणाली आणि टोपल्या सावलीत ओढू लागली. शिवाने कडेची फरशी उचलली. सासऱ्याने बसवल्यापासून ती पहिल्यांदाच हलली होती, आणि तिच्याखालची माती ओली, काळी होती.

शाळेच्या अंगणात एव्हाना निम्मं गाव जमलं होतं. नगरपालिकेच्या मंडळींनी हार आणून ठेवला होता. सायन्सच्या खोलीत शिवाने फरशी फोडली, मधला तुकडा काढून दिला. टिपणिसांनी तो धुतला, कुटला. साहेब खिडकीपाशी उभे होते. फरशी फुटल्यावर जो वास सुटला त्याने त्यांचा चेहरा फिरला. तुम्ही करा, झालं की मला सांगा, असं कसंबसं म्हणून ते व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. शिवाही गेला. खोलीत टिपणीस आणि मी उरलो.

त्यांनी पूड विरघळवली, औषध घातलं, नळी दिव्यावर धरली. धरली ती धरलीच. चौतीस साली जेवढी कमी पडली होती ती सगळी ऊब त्यांनी त्या नळीला दिली. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो, कारण नळीकडे बघवत नव्हतं. शेवटी पाहिलं. नळीत पाण्यासारखं पाणी होतं. बोटाने दाखवावी लागेल एवढी झाक, गावातल्या कुठल्याही उंबऱ्याला येते तेवढीच.

टेबलावर ती डबी होती, वरच्या पापुद्र्याची पूड अजून उरलेली. टिपणिसांनी ती उघडली आणि नाकाशी नेली. मग माझ्यापुढे धरली आणि वास कसला येतो विचारलं. मी वास घेतला आणि म्हणालो, कसलाच नाही. पुन्हा घ्या म्हणाले. पुन्हा घेतला. पनवेलला जन्मलेल्या माणसाला सुक्या मासळीचा वास येत नाही, त्याला ती हवाच वाटते. तिसऱ्यांदा मला कळलं.

“सोडे,” मी म्हणालो.

ते हसले. म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या दगडावर मासळी वाळली, तिचं पाणी मुरलं, हाडाकाट्यांची पूड पडली, आणि त्यातलाच फॉस्फरस वरच्या पापुद्र्यात बसला. सोनाबाईचा दगड फोडायचा नाही म्हणून त्यांनी नेमका तोच पापुद्रा खरवडला. गावात एकदाच कोणाचं मन राखलं ते असं अंगाशी आलं.

पण हात डबीतच होता. त्यांनी चिमूट घेतली आणि ती नळीच्या तोंडावर धरली. बाहेर साहेब रुमालात, गाव हार घेऊन, हेडमास्तर भाषण घेऊन. एवढी चिमूट आत पडली असती आणि नळी पुन्हा दिव्यावर धरली असती, तर पिवळा साका बसला असता, आणि तो मासळीचा की दगडाचा हे वास न सोसणाऱ्या माणसाने त्या दिवशी तरी तपासलं नसतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो साका हवा होता. या माणसाला एकदा तरी काहीतरी मिळू दे असं मला मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याचा मला स्वतःलाच राग आला.

टिपणिसांनी चिमूट जमिनीवर झटकली. हात धुतले, कोट घातला, नळी हातात घेतली आणि व्हरांड्यात गेले.

“नाही,” ते म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. पहिली पूड कुठून घेतली होती, वर काय वाळवतात, असं साहेबांनी विचारलं, आणि गावाने एका सुरात उत्तर दिलं. साहेबांना पहिल्यांदाच गंमत वाटली. त्यांनी रुमाल बाजूला करून समजावून सांगितलं, की हा दगड ज्या समुद्रात तयार झाला त्या काळी जगात मासाच नव्हता. म्हणजे त्या बिचाऱ्या दगडाला मासा पहिल्यांदा भेटला तो पनवेलच्या कोळीवाड्यात. गाव पोट धरून हसलं. हार वाया जाऊ नये म्हणून साहेबांना घातला. हेडमास्तरांनी तेच भाषण थोडं फिरवून केलं, की विज्ञानात उतावीळपणा बरा नव्हे आणि हे आपण टिपणिसांना पहिल्यापासून सांगत आलो. पोरांनी त्याच संध्याकाळी मास्तरांचं नाव ‘सोडे’ ठेवलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

आयुष्यात दोनदा या माणसाने नळी बघून ‘नाही’ म्हटलं. पहिल्यांदा ते चूक होतं, दुसऱ्यांदा बरोबर. नुकसान दोन्ही वेळा त्यांचंच झालं, आणि सरस्वतीचा दरबार असाच चालत असेल तर तिथे आपण नुसता भूगोल शिकवतो हे बरं, असं मला त्या दिवशी वाटलं.

जीप गेली तशी टिपणिसांनी शिवाला गाठलं. फुटलेल्या फरशीच्या जागी दुसरी हवी होती, आणि बाजारातून नवी आणायला वेळ नव्हता. ते घरी गेले. वेणूबाईंच्या न्हाणीत खड्ड्याशेजारी एक धड फरशी शिल्लक होती. ती त्यांनी उचलून घेतली. वेणूबाई काय म्हणाल्या ते मी बाहेरून ऐकलं आणि इथे लिहीत नाही. ती फरशी एका बाजूने शिवाने आणि दुसऱ्या बाजूने काळ्या कोटातल्या टिपणिसांनी धरून कोळीवाड्यात नेली. मी मागून हातोडी घेऊन गेलो, कारण ती कोणाच्या तरी हातात असायला हवी होती.

सोनाबाई टोपल्यांपाशी बसली होती. तिने आम्हाला येताना पाहिलं आणि उठून उभी राहिली. शाळेत काय झालं ते तिच्यापर्यंत अजून आलं नव्हतं.

“काय निगालं, मास्तर?”

“काही नाही निघालं, सोनाबाई. नळी कोरी राहिली.”

“बरं झालं, बाय,” ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली. “लय बरं झालं. देव पावला.”

टिपणीस फरशी हातात धरून तसेच उभे राहिले. शिवा खाली ठेवा म्हणत होता, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. चौतीस सालापासून आजपर्यंत त्यांच्या नळीच्या निकालावर कोणी ‘बरं झालं’ म्हटलं नव्हतं, ना परीक्षकांनी, ना घरच्यांनी, ना त्या दिवशी शाळेच्या अंगणात जमलेल्या गावाने. मग ते वाकले, फरशी जागेवर टेकवली आणि कडा हाताने चाचपून पाहिल्या. सोनाबाई म्हणाली, थोडी डावीकडे घ्या, पानी साचंल. त्यांनी डावीकडे घेतली.